अद्भुताचे कादंबरीकार नाथमाधव

मराठी कादंबरीचा इतिहास सांगतांना हरिभाऊ आपट्यांचें नांव अग्रभागीं असावें, हा प्रघात योग्यच आहे. परंतु ज्यांच्या पुस्तकांनीं सामान्य वाचकाला कादंबरीची गोडी लाविली, त्यांत नाथमाधवांचें स्थान मोठें आहे.

नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधवराव पितळे. त्यांचा जन्म ३ एप्रिल १८८२ रोजीं मुंबईंत झाला. शिक्षणानंतर त्यांनीं कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यांत नोकरी धरली. शिकारीचा नाद मोठा होता. १९०५ सालीं या नादानें ते सिंहगडावर गेले आणि कड्यावरून कोसळले. प्राण वांचले; पण कमरेखालचें शरीर लुळें पडलें. रानावनांत रमणाऱ्या त्या तरुणाला आतां अंथरुण हेंच जग उरलें. तेथें वाचनाचा छंद जडला, आणि वाचनांतून लेखणी हातीं आली. १९०८ सालीं ‘प्रेमवेडा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली.

१९१३ सालच्या ‘वीरधवल’नें त्यांची कीर्ति सर्वत्र पसरविली. अद्भुतरम्य कथा मराठीला नवी नव्हती. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची. पुढें इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स याच्या रहस्यमय कथानकांचीं रूपांतरें गो. ना. दातार यांनीं केलीं. ‘वीरधवल’वरही रेनॉल्ड्सची छाया आहे. पण कथानक उसनें घेतलें, तरी वाचकाला पानामागून पान उलटावयास लावणें हें कथनाचेंच सामर्थ्य. तें उसनें मिळत नाहीं.

अशा कादंबऱ्या केवळ वेळ घालविण्याचें साधन होत, असा आक्षेप नेहमींचा आहे. त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. संभाव्यतेची चाड त्यांत कमी, आणि योगायोग फार. तथापि अक्षरओळख झालेला मनुष्य वाचक बनतो, तो बहुधा ‘पुढें काय झालें?’ या एका प्रश्नामुळें, हें विसरतां कामा नये.

शिवाय नाथमाधव अद्भुतापाशींच थांबले नाहींत. १९१८ ते १९२० या काळांत तीन भागांत निघालेल्या ‘डॉक्टर’ या कादंबरींत त्यांनीं सामाजिक प्रश्न हातीं घेतले. नंतर ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासून सुरू झालेल्या मालेंत शिवकाल उभा केला. ज्याला पुन्हा गड चढतां येणार नव्हता, त्यानें वाचकांना गडकोटांवर फिरविलें.

२१ जून १९२८ रोजीं, वयाच्या शेचाळिसाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. थोर कलावंतांच्या पंक्तींत त्यांना बसवावें कीं नाहीं, याविषयीं मतभेद होऊं शकेल. परंतु गंभीर ग्रंथांना लाभणारा वाचकवर्ग आयता उगवत नाहीं. तो कोणीतरी घडवावा लागतो. तें काम त्यांनीं केलें, याविषयीं मतभेद होण्याचें कारण नाहीं.