विवाहित स्त्रियांचे लैंगिक आरोग्य, मुंबईतील
रजोनिवृत्तीपूर्वीच्या काळात विवाहित स्त्रियांना समागमसमयी होणाऱ्या वेदना, कामेच्छेचा वा कामपूर्तीचा अभाव, जननमार्गाचे संसर्ग आणि गर्भधारणेची सततची भीती यांचा या विषयात अंतर्भाव होतो. पाळणाघरांच्या व प्रसूतिगृहांच्या इतिहासात या तक्रारींची नोंद क्वचितच आढळते. मराठीत त्यांना प्रथम शब्द मिळाले ते गिरगावात.

विल्सन महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्रही त्याच वर्षीचे. या प्रचारापायी कर्व्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई यांनी त्यांना अखेरपर्यंत साथ दिली. जुलै १९२७ पासून निघालेल्या समाजस्वास्थ्य मासिकात त्यांनी मांडलेला विचार केवळ अपत्यसंख्येपुरता नव्हता. कामसुखावर स्त्रीचाही पुरुषाइतकाच अधिकार आहे आणि गर्भाच्या धास्तीत ते सुख संभवत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. संततिनियमनाच्या पुढील सरकारी प्रचारातून नेमका हाच भाग गळाला.

वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. परळच्या चाळीत दीर्घकाळ राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचा बचाव केला. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लील लिहिणे नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. कर्व्यांना दंड झाला.

परळ-लालबागच्या गिरणगावात अडचण निराळी होती. एका खोलीत अनेक माणसे, सामाईक नळ व शौचकूप, अशा ठिकाणी रबरी टोपीसारखे साधन बसविणे, धुणे व जपून ठेवणे दुष्करच. शिवाय पुष्कळ कामगारांच्या स्त्रिया कोकणात किंवा घाटावर राहत. सणासुदीला गावी जाणाऱ्या नवऱ्याकडून परम्याची लागण झाली, तर ती पुष्कळदा लक्षणांवाचून राही आणि पुढे ओटीपोटाचे दुखणे वा वंध्यत्व येई. दोष मात्र स्त्रीच्या कुशीला लागे. १९४० नंतरच्या दशकात पेनिसिलीन येईपर्यंत खात्रीचा उपाय नव्हता.

परळ येथे १९२६ मध्ये राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालय व नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले. बाळंतपण त्यामुळे पुष्कळ सुरक्षित झाले; परंतु जिला दिवस गेलेले नाहीत, तिने ‘अंगावर जाते’ किंवा ‘कंबर दुखते’ याखेरीज काही सांगण्याची रीत नव्हती आणि वैद्यही सहसा पुढे विचारीत नसत. डॉ. प्रकाश कोठारी यांच्या नेतृत्वाखाली के. ई. एम.मध्ये लैंगिक वैद्यकाचा स्वतंत्र विभाग निघाला तो कर्व्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी.

न बोललेल्या या दुखण्यांचे प्रमाण आकड्यांत दिसले ते मुंबईबाहेर. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक रोग होते. त्यापूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या.