दवाखान्याबाहेरच्या स्त्रिया

स्त्रीचे मन स्त्रीवरच जडले, की पाश्चात्य मानसचिकित्सक तिला रोगी ठरवीत. हा निवाडा बहुधा दवाखान्यात आलेल्या रुग्णांवरून होई. पण रुग्णालयात बसून गावाचे आरोग्य कसे कळावे?

जून हॉपकिन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २४ समलिंगी स्त्रिया व तुलनेसाठी २४ इतर स्त्रिया निवडून त्यांना कॅटेल यांची सोळा गुणांची व्यक्तिमत्त्व-चाचणी दिली. १९६९ साली ब्रिटनमधील मानसोपचाराच्या नियतकालिकात निष्कर्ष आला: या स्त्रियांना 'मनोविकारग्रस्त' म्हणणे चूक, स्वतंत्र, कणखर, अबोल, चाकोरीबाहेरच्या, स्वावलंबी हीच विशेषणे त्यांना शोभतात.

अठ्ठेचाळीस जणींवरून साऱ्या स्त्रीजातीचा स्वभाव ठरत नाही, हे खरेच. तरी रोगाचा शिक्का पुढे पुसला गेला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली, तर जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलिंगी आकर्षण विकारांच्या यादीतून वगळले.

वाचकहो, यादीतला शब्द खोडणे सोपे, मनातला कठीण. दिवाळीला घरी आलेली लेक लग्नाला नको म्हणाली, तर 'हिला झाले तरी काय?' असे पुसण्याआधी तिचे ऐकून घ्यावे. तपासण्याआधी निवाडा देऊ नये, एवढेच या इतिहासाचे सांगणे.