‘आइनहेंडर’ : एकहाती तलवारीची उपेक्षित झुंज

जपानच्या ‘स्क्वेअर’ या कंपनीचे नाव घेतले की व्हिडिओ गेमच्या चाहत्यांना आठवते ती ‘फायनल फँटसी’ ही मालिका. १९९७ च्या जानेवारीत या मालिकेतील सातवा खेळ प्लेस्टेशनवर आला. तीन तबकड्यांवर पसरलेल्या, दिवसेंदिवस चालणाऱ्या त्या कथेने जगभरातील खेळाडूंना वेड लावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये याच कंपनीने एका तबकडीवरचा, तासाभरात संपू शकेल असा एक खेळ बाजारात आणला. त्याचे नाव ‘आइनहेंडर’. पहिल्या खेळाच्या झगमगाटात दुसरा झाकोळला गेला. तो पुढील वर्षी अमेरिकेत पोहोचला. युरोपात मात्र त्या काळी तो विक्रीस आलाच नाही. जाणकारांच्या वर्तुळात त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते, पण त्या वर्तुळाबाहेर तो फारसा कोणाला ठाऊक नाही. ही उपेक्षा अन्यायकारक का आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

जुनी परंपरा

‘आइनहेंडर’ हा आडव्या पडद्यावर सरकणाऱ्या नेमबाजीच्या खेळांपैकी एक. पार्श्वभूमी उजवीकडून डावीकडे सरकत राहते, खेळाडूचे विमान शत्रूवर गोळ्या झाडत पुढे जाते आणि टप्प्याच्या अखेरीस एका महाकाय यंत्राशी गाठ पडते, असा या प्रकाराचा ढाचा असतो. १९८१ मधील ‘डिफेंडर’ आणि ‘स्क्रॅम्बल’ या खेळांनी त्याचा पाया घातला. १९८५ मध्ये ‘ग्रेडियस’ने शस्त्रांची टप्प्याटप्प्याने निवड करण्याची पद्धत रूढ केली, तर १९८७ मधील ‘आर-टाइप’ने विमानाच्या पुढे किंवा मागे जोडता येणारा, वेळप्रसंगी सुटा सोडता येणारा गोळा खेळाडूच्या हाती दिला.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मात्र हवा बदलली. घरगुती यंत्रांवर त्रिमितीय जगात मनसोक्त फिरण्याची सोय झाली आणि एकाच दिशेने सरकणारे खेळ जुनाट वाटू लागले. ‘आइनहेंडर’ने मधला मार्ग काढला. त्यातील विमाने, इमारती आणि यंत्रे त्रिमितीय आहेत, अधूनमधून दृश्याचा कोनही बदलतो. पण लढाई होते ती परंपरेला धरून, एकाच प्रतलात.

उसनी शस्त्रे

‘आइनहेंडर’ या जर्मन शब्दाचा अर्थ एका हाताने चालवायची तलवार. खेळातील विमानालाही एकच यांत्रिक हात आहे आणि सारी गंमत या हातात आहे. विमानाची स्वतःची मशीनगन कधी संपत नाही, पण तिचा मारा बेताचाच. खरी ताकद मिळवायची ती शत्रूकडून. शत्रूचे वाहन पाडले की त्याचे शस्त्र, म्हणजे ‘गनपॉड’, हवेत तरंगू लागते. ते यांत्रिक हाताने उचलून घ्यायचे. भराभर गोळ्या झाडणारी ‘व्हल्कन’, जबर तडाखा देणारी ‘कॅनन’, क्षेपणास्त्रे सोडणारे ‘वॉस्प’, जवळून वार करणारे ‘ब्लेड’ असे त्यांचे नाना प्रकार आहेत. हे शस्त्र विमानाच्या वर धरायचे की खाली, हेही खेळाडूनेच ठरवायचे. त्यानुसार त्याचा परिणाम बदलतो.

मात्र या शस्त्रांतील दारूगोळा मोजका असतो. तो संपला की शस्त्र निकामी. त्यामुळे किरकोळ शत्रूवर भारी शस्त्र उधळायचे की पुढच्या महाकाय यंत्रासाठी राखून ठेवायचे, हा हिशेब क्षणाक्षणाला करावा लागतो. ‘ग्रेडियस’मध्ये खेळाडू सामर्थ्य साठवत जातो, इथे त्याच्याजवळ स्वतःचे असे काहीच टिकत नाही. खेळाच्या आरंभी निवडायच्या तीन विमानांतील फरकही याच धोरणावर बेतलेला आहे. ‘एन्डिमियन’ जातीचे एक विमान तीन शस्त्रे बाळगते, पण वापरते एका वेळी एकच. त्याच जातीचे दुसरे विमान दोन शस्त्रे एकदम चालवते. तर ‘ॲस्ट्रिया’ला एकाच शस्त्रावर भागवावे लागते, पण तिची मूळ मशीनगन दुहेरी आहे.

चंद्राचा सैनिक

(खेळाचा शेवट आधी कळू नये असे वाटणाऱ्यांनी पुढील परिच्छेद गाळावा.)

कथेत पृथ्वी आणि चंद्रावरील ‘सेलिनी’ हे राष्ट्र यांच्यात युद्ध जुंपले आहे. खेळाडू हा सेलिनीचा वैमानिक. शत्रूच्या मुलखात एकट्याने घुसून माहिती पाठवायची, एवढीच त्याची कामगिरी. परतीची सोय तिच्यात नाही. ‘हायपेरियन’ या उपग्रहावरून त्याला आदेश मिळत राहतात. काम फत्ते झाल्यावर मात्र त्याचीच बाजू त्याच्यावर उलटते. त्याची उपयुक्तता संपलेली असते. अखेरच्या लढाईत समोर उभे ठाकते ते त्याचेच सैन्य.

ही कलाटणी निव्वळ धक्का देण्यासाठी योजलेली नाही. सुरुवातीपासून खेळाडू शस्त्र उचलतो, दारूगोळा संपेपर्यंत वापरतो आणि टाकून देतो. वरिष्ठांनी त्याच्याशीही नेमके तेच केलेले असते. जी गोष्ट इतर खेळ संवादांतून सांगतात, ती इथे हातांना आधीच कळलेली असते. नावांची निवडही सूचक आहे. ग्रीक पुराणात सेलिनी ही चंद्राची देवता, हायपेरियन तिचा पिता, तर एन्डिमियन हा तिचा लाडका मर्त्य मानव. त्याच्या वाट्याला चिरनिद्रा आली.

गुण आणि दोष

केनइचिरो फुकुई यांचे टेक्नो धाटणीचे संगीत हे या खेळाचे मोठे बलस्थान आहे. निऑन दिव्यांनी उजळलेल्या पहिल्या टप्प्यातील रात्रीच्या शहरावर ते चपखल बसते. महाकाय यंत्रांचे भाग एकेक करून निकामी करता येत असल्याने प्रत्येक झुंज वेगळ्या क्रमाने लढता येते.

दोषही आहेत. गर्द पार्श्वभूमीत शत्रूच्या गोळ्या काही वेळा नजरेतून सुटतात. एक गोळी लागली की विमान नष्ट होते आणि ठराविक ठिकाणापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. उसनी शस्त्रे गमावल्यावर ते आणखीच अवघड जाते. टप्पे सातच असल्याने लांबलचक कथांची सवय झालेल्या खेळाडूला हा खेळ तोकडा वाटणे स्वाभाविक आहे.

पण त्याची लांबी तासांत मोजणे योग्य नव्हे. पहिल्या खेपेस जीव वाचवण्यातच वेळ जातो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस कोणता शत्रू कोणते शस्त्र टाकतो, हे ध्यानात येते. पुढे कोणते शस्त्र कुठे राखून ठेवायचे, याचे आडाखे जमू लागतात. नवख्याने म्हणूनच सुरुवातीला गुणसंख्येचा विचार करू नये. ‘व्हल्कन’ हाती घ्यावी, किरकोळ शत्रूंना मशीनगनने टिपावे आणि उसना दारूगोळा मोठ्या लढाईसाठी वाचवावा. पहिला टप्पा या शिस्तीने पार पडला, की तासाभराच्या या खेळात इतके खेळाडू वर्षानुवर्षे का रमले, याचे उत्तर मिळू लागते.