मुंबईचा महापूर (२००५)

मुंबईचा महापूर : २६ जुलै २००५ रोजी अतिवृष्टी आणि समुद्राची भरती एकाच वेळी आल्याने मुंबईवर ओढवलेली आपत्ती. २७ जुलैच्या सकाळी संपलेल्या २४ तासांत उपनगरातील सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्यात जेमतेम ७३ मिमी. त्यामुळे दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांतून घरी निघालेल्या हजारोंना उपनगरांत काय वाढून ठेवले आहे, याची कल्पनाच नव्हती. मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली. साकीनाक्याला झोपड्यांवर दरड कोसळली आणि महाड तालुक्यातील जुई गावही त्याच पावसात दरडीखाली गेले.

कारणे : मिठी नदी विहार व पवई तलावांच्या सांडव्यांतून निघून सुमारे १८ किमी. वाहत माहीमच्या खाडीला मिळते. विमानतळापाशी तिचा प्रवाह वळवलेला, काठांवर भराव व बांधकामे, पात्रात गाळ आणि कचरा. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या परिसरात भरावामुळे पाणी सामावणारी पाणथळ जमीन आणि तिवरे फारशी उरली नव्हती. शहरातील जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिमी. पाऊस वाहून नेण्याच्या बेताने बांधलेल्या होत्या. त्यातच दुपारी सुमारे ४.५ मी. उंचीची भरती आली. अनेक नाल्यांची मुखे भरतीच्या पातळीखाली असल्याने पाणी समुद्रात न जाता वस्त्यांत शिरले. पाऊस निसर्गाचा होता, पण पुराला शहरानेच वाट करून दिली होती.

बचावकार्य : राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल तेव्हा अस्तित्वात नव्हते, ते २००६ मध्ये उभे राहिले. अग्निशमन दल, लष्कर व नौदल मदतीला आले, परंतु लोकल बंद, रस्ते पाण्याखाली आणि फोन ठप्प, अशा पहिल्या काही तासांत माणसांना वाचवले ते मुख्यतः आसपासच्या रहिवाशांनी. कुर्ला, कलिना भागांत तरुणांनी दोर बांधून, हातांची साखळी करून बसमधल्या प्रवाशांना बाहेर काढले. अनोळखी लोकांना घरांत, शाळांत, प्रार्थनास्थळांत रात्रीपुरता आसरा मिळाला. याउलट काही जण बंद मोटारीतच गुदमरून गेले: पाणी चढल्यावर दारे उघडेनात आणि विजेवर चालणाऱ्या काचा खाली होईनात.

नंतरचे उपाय : मिठी नदी विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कारणांचा शोध घेतला. पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता ताशी ५० मिमी.पर्यंत वाढवण्याचा, १९९३ पासून रेंगाळलेला प्रकल्प मार्गी लागला. हाजी अली, इर्ला आदी ठिकाणी उदंचन केंद्रे उभारली गेली. तरीही २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात शहर पुन्हा तुंबले व उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका डॉक्टरांचा मृत्यू झाला. त्यानंतर मॅनहोलखाली संरक्षक जाळ्या बसवण्याचे काम हाती घेण्यात आले.

वैयक्तिक सुरक्षा : वाहत्या पाण्यात गुडघाभर खोलीतही तोल जातो, पाण्याखालचे मॅनहोल दिसत नाही. जावेच लागले तर काठीने पुढची जमीन चाचपत, एकमेकांना धरून चालावे. विजेचे खांब व फ्यूज पेट्यांपासून लांब राहावे. घरात पाणी शिरण्याआधी मेन स्विच बंद करावा. मोटार बंद पडली आणि पाणी वाढू लागले, तर काच ताबडतोब खाली करून बाहेर पडावे, गाडीचा मोह धरू नये. काच अडकलीच तर बाजूच्या खिडकीच्या कोपऱ्यावर टोकदार वस्तूने घाव घालावा. समोरची काच सहसा फुटत नाही. साचलेल्या पाण्यातून चालल्यास, विशेषतः पायाला जखम असल्यास, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. म्हणून पाय साबणाने धुऊन लवकर डॉक्टरांना दाखवावे. मदतीसाठी मुंबई महापालिकेचा १९१६ हा क्रमांक आहे. भरतीच्या वेळा पावसाळ्याआधीच जाहीर होतात. जोराच्या पावसात घराबाहेर पडण्यापूर्वी त्या प्रत्येक मुंबईकराने पाहाव्यात, आणि भरती व मुसळधार पाऊस एकत्र येणार असतील तर आहे तिथेच, उंचावर थांबावे.