रहदारी: एका शब्दाची आणि एका नाक्याची कुळकथा

‘आज रहदारी फार आहे’ असे कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला कुणी म्हटले, तर त्याला वाहनांची गर्दी म्हणायची असते. पण हा शब्द मुळात गर्दीचा नाही, पैशाचा आहे. फारसीत ‘राह’ म्हणजे वाट आणि ‘राहदार’ म्हणजे वाटेचा राखणदार. वाट राखल्याबद्दल तो व्यापाऱ्यांकडून आणि वाटसरूंकडून जे घेई, ती ‘राहदारी’. मुघल अमलात ही वसुली इतकी माजली की औरंगजेबाने आपल्या कारकिर्दीच्या आरंभीच ती बंद करण्याचा हुकूम काढला. हुकूम निघाला, वसुली मात्र चालूच राहिली. मराठीच्या रोजच्या बोलण्यात येता येता या शब्दातला राखणदार गळाला, त्याचा करही गळाला आणि उरली ती निव्वळ ये-जा. व्यवहारात मात्र कर टिकला आणि राखणदार गळाला. टोलची सगळी कुळकथा ही अशी देणे आणि राखणे या जोडीची आहे. गाडीच्या काचेवरच्या फास्टॅगने यातले देणे क्षणाचे काम करून टाकले. राखण्याची बाजू मात्र होती तिथेच राहिली, आणि माझ्या मते इलेक्ट्रॉनिक टोलचे गुणदोष पारखायचे ते याच कसोटीवर.

टोलच्या इतिहासाची गोष्ट निघाली की नाणेघाटातला दगडी रांजण पुढे केला जातो. तो जकातीचा होता असे परंपरा सांगते, पण रांजण स्वतः काही बोलत नाही. कौटिल्याचे अर्थशास्त्र बोलते. सरहद्दीवरच्या अंतपालाने ‘वर्तनी’ नावाचा वाटकर घ्यावा असे त्यात आहे, आणि ‘पण’ व ‘माष’ या नाण्यांत दरपत्रकही दिले आहे: मालाच्या गाडीला सव्वा पण, घोड्या-गाढवासारख्या एकखुरी जनावराला एक पण, गुराला अर्धा, लहान जनावराला पाव, आणि खांद्यावर ओझे नेणाऱ्याला एक माष. आजच्या नाक्यावरचा कार, बस, ट्रक आणि बहुअक्षी वाहनांचा फलक पाहिला तर वंश लगेच ओळखू येतो. पण कौटिल्य दर सांगून थांबत नाही. वाटेत हरवले किंवा चोरीला गेले त्याची भरपाई त्याच अंतपालाने करावी, असे तो लगोलग बजावतो. म्हणजे पावतीतच हमी होती. मराठी अमलात थळभरीत, थळमोड अशा जकातीच्या जाती झाल्या आणि कर वाटेपेक्षा मालाला अधिक चिकटला. इंग्रजांनी १८५१ च्या टोल कायद्याने सरकारी खर्चाने बांधलेल्या वा दुरुस्त केलेल्या रस्त्यांवर आणि पुलांवर पथकर घेण्याची सोय केली. ‘टोल’ हा शब्द ग्रीकमधून लॅटिनमार्गे इंग्रजीत गेला आणि तिथून आपल्याकडे आला. सरकारदरबारी ‘पथकर’ असला तरी लोकांच्या तोंडी टोलच राहिला. पुढे मराठी वर्तमानपत्रांनी टोळधाडीवरून ‘टोलधाड’ घडवली, आणि त्या एका अक्षराच्या बदलात जनतेचा अभिप्राय नोंदवला गेला.

आता यंत्राचे कूळ. गाडी न थांबवता पैसे घ्यावेत ही कल्पना अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९५९ मध्ये वॉशिंग्टनच्या वाहतुकीसाठी मांडली. गाडीत एक ओळख सांगणारे उपकरण असावे आणि गर्दीच्या वेळी जास्त दर लागावा, असा त्यांचा प्रस्ताव होता. १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. नॉर्वेतील ओलेसुंद येथे १९८७ मध्ये आणि इटलीत ‘टेलेपास’ या नावाने १९९० मध्ये अशी वसुली प्रत्यक्षात आली. भारतात नंदन नीलेकणी समितीने २०१० मध्ये आरएफआयडी तंत्राची शिफारस केली आणि त्यातून फास्टॅग जन्मला. त्या चिकटपट्टीत एक चिप आणि एक अँटेना असते, बॅटरी नसते. लेनवरचा रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो, त्यांच्याच ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. तो क्रमांक नाक्याच्या संगणकातून नाक्याच्या बँकेकडे, तिथून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या यंत्रणेकडे आणि शेवटी टॅग देणाऱ्या बँकेकडे जातो. रक्कम वळती होते. लेनमधली संवेदके दरम्यान गाडीचा खरा वर्ग तपासतात, म्हणजे ट्रकला कारचा टॅग लावून चालत नाही. १ डिसेंबर २०१७ पासून नव्या चारचाकींना आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर सर्वच चारचाकी व मोठ्या वाहनांना तो सक्तीचा झाला.

याचे फायदे नाकारण्यात अर्थ नाही. कोल्हापूरहून पुण्याला निघालेल्या गाडीला किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर अशा चार नाक्यांवर सुट्ट्या पैशांसाठी खोळंबावे लागत होते, ते कमी झाले. इंजिन चालू ठेवून उभे राहण्यात जाणारे डिझेल वाचले. त्याहून मोठा लाभ हिशेबाचा आहे. रोख वसुलीत किती गाड्या गेल्या हे नाकेवाल्याच्या तोंडून ऐकावे लागे, आता प्रत्येक गाडीची वेळेसह नोंद राहते. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना ३,००० रुपयांत वर्षभराचा किंवा २०० फेऱ्यांचा पास देता आला, तोही या नोंदीच्या जोरावरच. तोटेही याच व्यवस्थेच्या पोटातून येतात. पैसे आधी कापले जातात आणि तक्रार नंतर करावी लागते. शिल्लक संपली किंवा टॅग काळ्या यादीत गेला की नियमाने दंडाचा दर लागतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट, अशी त्यात थोडी सवलत आली. आपण कधी कुठून गेलो याचा माग कायम साठत राहतो. तरी हे दोष नियम आणि यंत्रणा सुधारून कमी करता येतील. एक दोष मात्र वेगळा आहे. नाका हे केवळ पैसे देण्याचे ठिकाण नव्हते. तिथे ‘कशाबद्दल?’ असे विचारता येत होते. वसुली अदृश्य झाली की हा प्रश्न विचारायला समोर माणूस उरत नाही, आणि या दोषावर यंत्रात उतारा नाही.

हा प्रश्न किती मोठा होऊ शकतो हे कोल्हापूरइतके दुसऱ्या कुठल्या शहराने दाखवले नसेल. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते सुमारे २२० कोटी रुपये खर्चून ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर बांधायचे आणि त्यापोटी आयआरबी कंपनीने ३० वर्षे टोल घ्यायचा, असा करार २००८ मध्ये झाला. शहरात शिरणाऱ्या वाटांवर नऊ नाके उभे राहिले. कामाचा दर्जा, अपुरी राहिलेली कामे आणि टेंबलाईवाडीची जागा कंपनीला देणे, यांवर आक्षेप आले. रोजच्या कामासाठी शहरात येणाऱ्याने वेशीवर पैसे का मोजायचे, हा त्यांतला सर्वांत बोचरा प्रश्न होता. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखे नेते आणि सर्वपक्षीय कृती समिती रस्त्यावर उतरली. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली, १२ जानेवारी २०१४ रोजी नाके पेटले आणि डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने हा टोल रद्द केल्याचे जाहीर केले. जाळपोळीचे समर्थन होऊ शकत नाही. पण समजा, तेव्हा नऊही नाक्यांवर फास्टॅग असता तर काय बदलले असते? रांगा कमी झाल्या असत्या, भांडणे कमी झाली असती, पण एकाही आक्षेपाचे उत्तर मिळाले नसते. लोकांचे भांडण वसुलीच्या पद्धतीशी नव्हते, ते सौद्याशी होते.

यावर एक रास्त हरकत अशी की टोल गेला म्हणून रस्ता फुकट झाला नाही. कंपनीची भरपाई अखेर सार्वजनिक पैशातूनच करायची ठरली, म्हणजे ज्याने कोल्हापूरचा रस्ता कधी पाहिला नाही त्याच्याही खिशातून. मग जो वापरतो त्यानेच द्यावे हे न्याय्य नाही का? तत्त्व मान्य आहे. महामार्गावरून माल नेणाऱ्या ट्रकने त्या महामार्गाचा खर्च उचलावा यात गैर काही नाही. पण ‘वापरतो तो देतो’ या वाक्याचा उत्तरार्ध ‘घेतो तो राखतो’ असा आहे, आणि तो गाळला की पूर्वार्धाचे बळही जाते. शिवाय महामार्गावर निदान जुनी वाट, पर्यायी वाट असू शकते. घर ते बाजार या रोजच्या वाटेवर निवडच नसेल तर त्याला वापरशुल्क म्हणणे अवघड आहे, तो सरळ कर ठरतो. आणि कर लावायचा तर तो लोकप्रतिनिधींनी उघडपणे लावावा.

दुसरी हरकत व्यवहाराची आहे: खड्डा मोजून टोल कमी करणे शक्य आहे का? हे शक्य असल्याची दोन उदाहरणे समोर आहेत. केरळातील पालियेक्करा नाक्यावरची वसुली रस्त्याची अवस्था पाहून तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये काही काळ थांबवली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. दुसरे उदाहरण फास्टॅगच्याच नियमांत आहे. टॅग वैध आहे, खात्यात पैसे आहेत, पण नाक्याचे यंत्रच तो वाचू शकले नाही, तर गाडीला शून्य रुपयांची पावती देऊन सोडायचे असा नियम २०१८ पासून आहे. घेणाऱ्याचे यंत्र नादुरुस्त असेल तर देणे माफ होते, हे एकदा मान्य झाले. मग घेणाऱ्याचा रस्ताच नादुरुस्त असेल तर ते का होऊ नये? सहापदरीकरणाच्या कामात एक लेन बंद आहे, वळणरस्ता उखडला आहे, याची नोंद राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असतेच. ती नोंद दराला जोडण्यासाठी नवे तंत्र लागत नाही. किणीला २०२४ मध्ये खराब रस्त्यावरून जे आंदोलन झाले, त्याची मागणी याहून वेगळी नव्हती. २०२५ मध्ये गुजरातेत चोर्यासी येथे दांडा नसलेला, गाडी न थांबवता वसुली करणारा नाका उभारायचे ठरले. तो नाका ज्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वर आहे, तोच कोल्हापूरच्या कडेने जातो. उद्या किणीचाही दांडा निघेल आणि विचारायला थांबण्याची जागा उरणार नाही. तो दांडा निघण्याआधी शून्याच्या पावतीचा नियम यंत्रापासून रस्त्यापर्यंत वाढवून घ्यायला हवा. अंतपालाच्या नियमातले दरपत्रक आपण उचलले आहेच, भरपाईचे कलम तेवढे राहिले आहे.