तक्रार नाही म्हणजे आजार नाही?

पडेगावात बसून गडचिरोलीची गोष्ट कशाला, असं कुणी विचारेल. आपलं गाव छावणीपलीकडचं, शहरात मिसळत चाललेलं. तो जिल्हा जंगलाचा. पण ‘अंगावरून पांढरं जातं’ हे बाई जितक्या दबक्या आवाजात तिथे सांगते, तितक्याच दबक्या आवाजात इथेही सांगते. म्हणून आज आपण डॉ. राणी बंग यांच्या कामाकडे पाहू.

त्या स्त्रीरोगतज्ज्ञ, मानववंशशास्त्राच्या प्राध्यापक नव्हेत. पण आजाराकडे आजारी माणसाच्या बाजूने पाहणं हे वैद्यकीय मानववंशशास्त्राचं काम मानलं, तर त्यांना वगळून पुढे जाता येत नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून राणी आणि अभय बंग परतले आणि १९८६ च्या सुमारास गडचिरोलीत ‘सर्च’चं काम सुरू झालं.

तेव्हा स्त्रीचं आरोग्य म्हणजे गरोदरपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच सरकारी हिशेब होता. राणीताईंनी विचारलं, बाकीच्या आयुष्यात तिला काय होतं? दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. अशी तपासणी याआधी झालेल्या फक्त ८ टक्के. हा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

हे आकडे दोन गावांचे आहेत, सगळ्या देशाचे नव्हेत, हे ध्यानात ठेवू. पण त्यातली एक गोष्ट आम्हाला सर्वांत मोठी वाटते. जवळपास निम्म्या स्त्रियांनी काही तक्रारच सांगितली नव्हती. का? दुखणं बाईच्या जन्मालाच चिकटलेलं असं मानलं, की ते सांगायचं कुणाला? आणि समोर पुरुष डॉक्टर असेल, तर सांगायचं कसं? दवाखान्याच्या वहीत अशी बाई ‘निरोगी’ ठरते.

लोकांचं ऐकायचं हे सूत्र पुढेही सुटलं नाही. शोधग्राममधला दवाखाना आदिवासींच्या मनाप्रमाणे झोपड्यांच्या वस्तीसारखा उभा राहिला, त्याला नाव दिलं दंतेश्वरी देवीचं. राणीताईंनी ‘गोईण’ हे पुस्तक लिहिलं, तिथल्या बायका आणि झाडं यांच्या मैत्रीवर. गावातल्याच बाया आरोग्यदूत होऊन घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेऊ लागल्या. त्या गावांतला नवजात मृत्युदर निम्म्याहून खाली आल्याचं १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आलं, आणि २०११ पासून ही घरच्या घरी काळजीची पद्धत आशाताईंमार्फत देशभर सुरू झाली.

म्हणजे आज पडेगावात बाळंतिणीच्या दारी आशाताई येते, त्यामागे हा इतिहास आहे. ती बाळाचं वजन करते, ताप बघते, वहीत लिहिते. पण आईला स्वतःला काय होतंय, हे निवांत बसून ऐकायला तिच्यापाशी वेळ उरतो का? राणीताईंचा प्रश्न आजही इथे विचारावाच लागतो. आपल्या घरापासूनच सुरुवात करू या.