वर्गसमीकरणाला दोन उत्तरं येतात, मग खरं कोणतं? माकडांच्या गणितातून समजून घ्या

दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरण आलं की बहुतेक जण सूत्र पाठ करतात. सूत्रातल्या ± मुळे उत्तरं दोन निघतात. मग एक ठेवायचं, एक सोडायचं. पण कोणतं, आणि का?

भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या ग्रंथात एक गंमतीशीर उदाहरण दिलंय. (त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे.) माकडांच्या एका कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग, एवढी माकडं रानात खेळतायत. उरलेली १२ डोंगरावर आहेत. तर एकूण माकडं किती?

एकूण माकडं क्ष मानली, तर (क्ष/८)² + १२ = क्ष. दोन्ही बाजूंना ६४ ने गुणून सगळं एका बाजूला घेतलं की क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० मिळतं. अज्ञात संख्येचा वर्ग आहे आणि त्याहून मोठा घात नाही, म्हणून हे वर्गसमीकरण.

आता अडचण अशी की क्ष² आणि क्ष एकत्र असल्याने थेट वर्गमूळ काढता येत नाही. यावर श्रीधराचार्यांची युक्ती भास्कराचार्यांनीच नोंदवून ठेवली आहे : वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, मग अज्ञाताच्या सहगुणकाचा वर्ग मिळवा. इथे ७६८ उजवीकडे नेऊन ४ ने गुणलं, की ४क्ष² − २५६क्ष = −३०७२. दोन्हीकडे ६४², म्हणजे ४०९६ मिळवले, की डावीकडे पूर्ण वर्ग तयार होतो :

(२क्ष − ६४)² = १०२४

१०२४ चं वर्गमूळ ३२ किंवा −३२. दोघांचाही वर्ग तोच, म्हणून उत्तरं दोन : क्ष = ४८ किंवा १६. हीच युक्ती अक्षरांवर वापरली की पुस्तकातलं सूत्र मिळतं :

क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) ÷ २अ

वर्गमुळाखालचा ब² − ४अक हा 'विवेचक'. तो धन असेल तर दोन वेगळी मुळं, शून्य असेल तर दोन्ही सारखी, ऋण असेल तर वास्तव मूळच नाही.

माकडांकडे परत येऊ. ४८ चा आठवा भाग ६, त्याचा वर्ग ३६, अधिक १२ म्हणजे ४८. १६ चा आठवा भाग २, त्याचा वर्ग ४, अधिक १२ म्हणजे १६. म्हणजे इथे दोन्ही उत्तरं बरोबर! एकच लिहिलं तर उत्तर अर्धवट.

पुढच्याच उदाहरणात मात्र गोष्ट बदलते. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय. उत्तरं येतात ५० आणि ५. परीक्षेत 'वय ऋण नसतं' म्हणत ऋण उत्तर सोडायची सवय असते, पण इथे दोन्ही धन आहेत. तरी ५ चालत नाही. ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की उरतात −२ माकडं. समीकरणात ५ अगदी नीट बसतं, कारण −२ चा वर्गही ४ च येतो. भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर नाकारलं ते याच कारणाने.